स्थानिक स्वराज्य : दिले किती, मिळाले किती?

महाराष्ट्राच्या खेड्यांतून गावची प्राथमिक शाळा कोणाची, असे विचारले असता वयोवृद्ध मंडळी पूर्वी ‘लोकलबोर्डाची’ असे उत्तर देत. त्यांची मुले व नातवंडे ‘जिल्हा परिषदेची’ असे देतात. ‘गावाची’ असे उत्तर मात्र क्वचितच ऐकू येते. शाळेची जागा गावाची, तिच्यात शिकणारी मुले गावाची, पुष्कळदा इमारतीस लागलेले श्रमही गावाचे. तरी शाळा मात्र बोर्डाची किंवा परिषदेची. लोकांच्या तोंडी सहज रूढ झालेल्या ह्या शब्दप्रयोगात आमच्या स्थानिक स्वराज्याच्या दीडशे वर्षांच्या इतिहासाचे सार आले आहे, असे आम्हांस वाटते. वरच्या सरकारने आपली कामे खाली सोपविण्याचे प्रयोग ह्या देशात वारंवार केले. त्या प्रत्येक प्रयोगात खाली नक्की काय उतरले आणि वर काय राहिले, ह्याचा हिशेब मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा हिशेब मांडण्यापूर्वी एक भ्रम दूर सारणे इष्ट होय. इंग्रजी अमलापूर्वी आमची खेडी म्हणजे जणू लहान लहान प्रजासत्ताके होती, हे मत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही इंग्रज अधिकाऱ्यांनी मांडले व पुढे आमच्या राष्ट्रीय पुढाऱ्यांनी ते आनंदाने स्वीकारले. त्यात सत्याचा अंश आहेच. पाटील, कुलकर्णी, चौगुला व बलुतेदार ह्यांच्या आधारे गावगाडा चालत होता. पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली एल्फिन्स्टनने जो अहवाल लिहिला, त्यातही तंटे तोडणाऱ्या पंचायतीचे वर्णन आले आहे. परंतु हा गावगाडा वतनावर उभा होता, मतावर नव्हे. गावाचा कारभार गावातच होई हे जितके खरे, तितकेच त्या कारभारात महार-मांगांस सेवेचा वाटा असे, शब्दाचा नसे, हेही खरे. ही दुसरी बाजू डोळ्यांआड केली म्हणजे पुढील इतिहासातील एक मोठा वाद आपणांस उमगतच नाही.

इंग्रजी राज्याने प्रथम जे केले ते सत्तेचे विकेंद्रीकरण नव्हे, तर केंद्रीकरण. १८३३ च्या सनदी कायद्याने मुंबई व मद्रास इलाख्यांचा कायदे करण्याचा अधिकार काढून घेतला गेला आणि सर्व हिंदुस्थानची तिजोरी कलकत्त्याच्या हाती गेली. इलाख्यास लहानसहान खर्चासही वरची मंजुरी लागू लागली. ह्याचा परिणाम मौजेचा झाला. खर्च करणारा निराळा व पैसा उभा करणारा निराळा असल्यामुळे काटकसर करण्यात कोणत्याच प्रांताचा लाभ राहिला नाही. जो प्रांत अधिक आरडाओरड करील त्याच्या पदरात अधिक पडे, असे त्या काळच्या जाणत्या अधिकाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. त्यात १८५७ च्या धामधुमीने सरकार कर्जात बुडाले, आणि १८६० साली प्राप्तीवरील करासारखा अप्रिय कर बसवूनही तोंडमिळवणी होईना.

ह्या अडचणीतून १४ डिसेंबर १८७० चा लॉर्ड मेयोचा ठराव जन्मास आला. तुरुंग, नोंदणी, पोलीस, शिक्षण, वैद्यकखाते, छापखाना, रस्ते व सरकारी इमारती ही खाती प्रांतांकडे सोपविण्यात आली व त्यांच्या खर्चासाठी सर्व प्रांतांस मिळून वार्षिक ४६,८८,७११ पौंडांची ठरीव रक्कम नेमून दिली गेली. ही रक्कम त्याच खात्यांसाठी आदल्या वर्षी दिलेल्या रकमेहून कमी होती; जी तूट येईल ती प्रांतांनी स्थानिक कर बसवून किंवा खर्च छाटून भरावी, अशी योजना होती. शिक्षण, आरोग्य, धर्मार्थ दवाखाने व रस्ते ह्यांचा कारभार चांगला चालण्यास स्थानिक लोकांची आस्था व देखरेख अवश्य आहे, हे उदात्त तत्त्वही त्याच ठरावात सांगितले होते. तत्त्व खोटे नव्हते, परंतु ते तुटीच्या हातात हात घालून आले. पुढच्याच वर्षी बंगाल, मद्रास व पंजाब येथे रस्ते वगैरे कामांसाठी नवे स्थानिक कर बसले, ही गोष्ट बोलकी आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील ग्रंथात ह्या सर्व व्यवस्थेची कसून चिकित्सा केली आहे. आधी नेमून दिलेली रक्कम, मग नेमून दिलेले उत्पन्न आणि शेवटी वाटून घेतलेले उत्पन्न, अशा तीन अवस्था त्यांनी दाखविल्या. कायद्याच्या दृष्टीने मात्र प्रांत हे वरिष्ठ सरकारचे मुनीमच राहिले, मालक झाले नाहीत, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. हा मुनीम आणि मालक ह्यांतील भेद आम्ही पुढेही वापरणार आहो, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

मुंबई इलाख्यात खेड्यांचा अनुभव मेयोच्या ठरावाच्याही आधीचा होता. १८६३ च्या सुमारास शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा अशी पट्टी रस्ते व शाळांसाठी सुरू झाली, व १८६९ च्या कायद्याने तीस कायद्याचा पाया मिळाला. तिच्यातील दोन हिस्से रस्त्यांस व एक हिस्सा शाळांस, अशी वाटणी होती. हिचा विनियोग पाहण्यासाठी जिल्ह्यास व तालुक्यास कमिट्या नेमल्या, पण त्या कलेक्टरच्या तंत्राने चालत. आणा शेतकऱ्याचा, सही साहेबाची.

ह्या पार्श्वभूमीवर लॉर्ड रिपन ह्यांचा १८ मे १८८२ चा ठराव वाचला म्हणजे त्यातील उदारता मनास खरोखरीच भिडते. मेयोच्या ठरावात हिशेब प्रथम होता. रिपन ह्यांनी शिक्षण प्रथम मानले. स्थानिक मंडळे स्थापिल्याने कारभार लगेच सुधारेल अशी हमी त्यांनी दिली नाही. उलट आरंभी चुका होतील हे गृहीत धरूनही, लोकांस राजकीय शिक्षण मिळण्याचे हे साधन आहे म्हणून ते हवे, असे त्यांनी म्हटले. मंडळांत बिनसरकारी सभासद दोनतृतीयांशांहून कमी नसावेत, शक्य तेथे निवडणूक असावी, शक्य तेथे अध्यक्षही बिनसरकारी असावा, आणि सरकारने देखरेख करावयाची ती बाहेरून करावी, आत बसून करू नये, ही त्यांची सूत्रे होत. शेवटचे सूत्र आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. आत बसलेला अधिकारी चूक होऊ देत नाही, आणि म्हणूनच कोणास काही शिकूही देत नाही.

परंतु ठराव सिमल्यास होतो व कायदा मुंबईस. १८८४ चा लोकलबोर्डांचा कायदा झाला तेव्हा जिल्हाबोर्डाच्या अध्यक्षपदी कलेक्टर व तालुकाबोर्डाच्या अध्यक्षपदी प्रांतसाहेब कायम राहिले. सभासदांत निवडून आलेल्यांचे प्रमाण सुमारे निम्मे. पुढील तीन दशके इलाख्यातील जिल्हाबोर्डे अशीच चालली. कलेक्टरसमोर बसून कलेक्टरच्या खर्चावर टीका करण्याचे धैर्य ज्या पाटला-देशमुखास जमीन व मान दोन्ही राखावयाचे आहेत, त्याने कोठून आणावे? रिपन ह्यांनी दार उघडले हे खरे. पण उंबरठ्यावर साहेबाची खुर्ची तशीच राहिली.

ह्याच १८८२ साली आणखी एक आवाज उठला होता, व तो आजच्या वाचकांनी विशेष लक्षपूर्वक ऐकावा असा आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात महात्मा जोतीराव फुले ह्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. सरकारचे उत्पन्न मुख्यत्वे कष्टकरी रयतेच्या घामातून येते व त्यातून होणाऱ्या शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांस मिळतो, ही त्यांची तक्रार प्रसिद्धच आहे. पण त्याच निवेदनात स्थानिक कमिट्यांविषयीही त्यांनी शंका व्यक्त केली. ह्या कमिट्यांत भरणा असतो तो पाटील, इनामदार, सरदार अशा मंडळींचा. शाळांच्या पैशाचा विवेकाने विनियोग करणे त्यांच्याने होणार नाही, तेव्हा हा कारभार शिक्षणखात्याकडे असलेला बरा, असा त्यांचा अभिप्राय होता. फुले हे १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सभासद होते, म्हणजे हे मत अनुभवाचे होते. रिपन ह्यांच्या ठरावानंतर पाचच महिन्यांनी, ज्यांच्यासाठी स्वराज्य यावयाचे त्यांच्याच कैवाऱ्याने, ते नेमके कोणाच्या हाती पडणार, असा प्रश्न विचारावा, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

अशा रीतीने शतक पालटण्यापूर्वीच दोन प्रश्न स्पष्ट झाले होते. वरचा अधिकारी खरोखर हात काढून घेतो की नाही, हा पहिला. त्याने हात काढला तर त्या जागी कोणाचा हात येतो, हा दुसरा. पहिला प्रश्न पुण्याच्या दोन थोर पुढाऱ्यांनी उत्तम रीतीने मांडला, दुसरा महाडास पेटला.

१९०७ साली विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी हॉबहाउस ह्यांच्या अध्यक्षतेखाली बादशाही आयोग नेमला गेला. रमेशचंद्र दत्त हे त्यातील एकमेव हिंदी सभासद. १९०८ साली त्यापुढे नामदार गोखले ह्यांची साक्ष झाली. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेल्या गोखल्यांनी रचनेचा आराखडाच पुढे ठेवला. पायाशी ग्रामपंचायती, मध्ये जिल्हामंडळे, वरती सुधारलेली कायदेमंडळे. जिल्ह्यातील कारभार लोकांच्या दृष्टीआड कागदोपत्री चालतो, व कलेक्टरास त्याच्या जिल्ह्यात जाब विचारणारे कोणी नाही, हे त्यांचे दुखणे होते. लोकमान्य टिळकांनीही ह्याच आयोगास आपले म्हणणे सादर केले. आणि त्यांची भूमिका त्यांच्या स्वभावास साजेशी रोखठोक होती. वरच्या अधिकाऱ्याची सत्ता काढून खालच्या अधिकाऱ्यास दिली, तर त्यात लोकांस काय मिळाले? एका साहेबाकडून दुसऱ्या साहेबाकडे झालेल्या ह्या बदलीने रयत व सरकार ह्यांतील दुरावा मिटणार नाही, सत्तेचा वाटा लोकांस मिळाला तरच मिटेल, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होय. त्याच वर्षी पुढे टिळकांस सहा वर्षांच्या शिक्षेवर मंडालेस नेण्यात आले. आयोगाचा अहवाल १९०९ साली बाहेर पडला. मवाळ व जहाल ह्यांचा सवता सुभा झालेल्या त्या दिवसांत ह्या एका मुद्द्यावर दोघांची वाक्ये शेजारी ठेवता येतात, हे आम्हांस लक्षणीय वाटते.

१९१९ च्या सुधारणांनी स्थानिक स्वराज्य हे ‘सोपीव’ खाते झाले, म्हणजे ते लोकनियुक्त मंत्र्याकडे आले. १९२३ च्या नव्या कायद्याने लोकलबोर्डांचा पाया विस्तारला व अध्यक्ष निवडून येऊ लागले. त्याच वर्षी, डॉ. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे शिक्षणमंत्री असताना, प्राथमिक शिक्षणाचा कायदा होऊन शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या हाती देण्यात आला. कागदावर पाहता सोपविण्याचे हे मोठेच पाऊल होते. परंतु शाळा वाढवावयाच्या, शिक्षण सक्तीचे करावयाचे, तर पैसा हवा. आणि बोर्डाजवळ होती ती शेतसाऱ्यावरील पट्टी, जी दुष्काळात घटे व सुकाळात फारशी वाढत नसे. शिक्षकांच्या नेमणुका व बदल्या ह्यांत गटबाजी शिरली अशी ओरड होऊ लागली. १९३८ साली कायदा दुरुस्त होऊन तपासणीचा अधिकार पुन्हा सरकारकडे गेला. १९४७ च्या कायद्याने तर शाळामंडळे नावास राहिली व मुख्य सूत्रे सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाती आली. पंचवीस वर्षांत एक फेरा पुरा झाला. अपुऱ्या पैशानिशी काम द्यावयाचे, ते बिघडले म्हणजे लोक नालायक ठरवावयाचे, व मग ते परत घ्यावयाचे, हा क्रम आमच्याकडे इतक्यांदा घडला आहे की त्यास अपघात म्हणवत नाही. गटबाजी खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. पण जेथे वाटावयास पैसा नाही व केवळ माणसेच हलविता येतात, तेथे राजकारण बदल्यांचेच होणार.

आता महाड. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने रावबहादुर सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांस खुल्या असाव्यात, असा तो ठराव. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. परंतु त्याची अंमलबजावणी झाली नाही, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले व त्यांनी पाणी प्याले. पुढे काय झाले? त्याच वर्षीच्या ऑगस्टात नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तळे खुले असल्याचा न्याय मिळावयास १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. येथे वरचे कायदेमंडळ न्यायाच्या बाजूस होते व खालची निवडलेली संस्था अन्यायाच्या. ‘लोकांस जवळचे सरकार तेच चांगले सरकार’ असे जे सरसकट म्हटले जाते, त्यास महाडचे हे उत्तर आहे. जवळचे सरकार म्हणजे पुष्कळदा जवळच्या बलिष्ठाचे सरकार.

ह्या अनुभवामुळेच १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतींचे विधेयक आले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्यास कडवा विरोध केला, व पंचायतीत दलितांस राखीव जागांची तरतूद हवी असा आग्रह धरला. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत बोलताना, खेडे हा घटनेचा पाया का नाही ह्या आक्षेपास त्यांनी जे झणझणीत उत्तर दिले, त्याचेही मूळ येथेच आहे. गांधीजींच्या ग्रामस्वराज्यावर श्रद्धा असलेल्या सभासदांस ते बोल फार लागले. त्याच महिन्यात के. संतानम् ह्यांची दुरुस्ती येऊन ती मान्य झाली व ग्रामपंचायतींचे कलम, आजचे चाळिसावे, मार्गदर्शक तत्त्वांत जमा झाले. तत्त्वांत जमा झाले, म्हणजे ज्याबद्दल न्यायालयात दाद मागता येत नाही अशा भागात. दोन्ही पक्षांचा मान राखला गेला, आणि खेड्याचा प्रश्न पुढच्या पिढीवर टाकला गेला.

घटनासमितीतील वाद चालू होण्याच्या थोडेच आधी आमच्याच प्रांतात एक निराळा प्रयोग होऊन संपला होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी १९३९ साली, गांधीजींचा सल्ला घेऊन, आपल्या लहानशा संस्थानास घटना दिली. तीत पायाशी ग्रामपंचायत होती आणि वरच्या सभा तिच्यावर उभारलेल्या होत्या. राजाने होऊन आपला अधिकार सोडावा ही घटना अपूर्व खरी. पण मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि त्याबरोबर ती घटनाही इतिहासजमा झाली. दात्याच्या मर्जीने आलेले स्वराज्य दाता गेला की जाते. ते टिकावयास दात्याच्या हाताबाहेरचा आधार लागतो.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न पुन्हा उभा राहिला तो १९५२ च्या समूहविकास योजनेमुळे. सरकार खेड्यात विहीर खणते, खत वाटते, पण लोक बाजूस उभे राहून पाहतात, असा अनुभव आल्यावर १९५७ साली बलवंतराय मेहता समिती नेमली गेली व तिने त्रिस्तरी रचना सुचविली. २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानात नागौर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते तिचा आरंभ झाला. मेहता समितीने विकासगटास मुख्य मानले होते. महाराष्ट्राने वेगळा विचार केला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वसंतराव नाईक ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९६१ साली अहवाल देऊन जिल्हा हाच मुख्य घटक असावा असे ठरविले, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

ह्या कायद्याचे गुण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजेत. कलेक्टर परिषदेच्या बाहेर राहिला. आमदार-खासदारांस तीत पदसिद्ध जागा दिल्या नाहीत, त्यामुळे नवे नेतृत्व वाढावयास अवकाश मिळाला. प्राथमिक शिक्षण, आरोग्य, शेती, रस्ते, पाणीपुरवठा ही कामे माणसांसह व पैशासह खाली आली. शिक्षक परिषदेचे नोकर झाले. सोपवणूक आणि साधने एकत्र उतरण्याचा हा आमच्या इतिहासातील पहिला मोठा प्रसंग. रिपन ह्यांना अभिप्रेत असलेले राजकीय शिक्षण ह्याच शाळेत झाले. १९७४ साली बाभळगावचे सरपंच झालेले विलासराव देशमुख पुढे मुख्यमंत्री झाले. सांगली जिल्हा परिषदेत सभासद असलेले आर. आर. पाटील उपमुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचले.

तरीही मुनीम आणि मालक हा भेद मिटला नाही. परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी राज्य सरकारने नेमलेला. मुंबई महानगरपालिकेच्या आयुक्ताप्रमाणेच, ज्याचे पद १८८८ च्या कायद्यापासून असेच चालत आले आहे. परिषदेचे स्वतःचे उत्पन्न अल्प व सरकारी अनुदान प्रचंड, आणि त्या अनुदानाचाही मोठा भाग पगारात जाणारा. शिवाय विशेष नवलाची गोष्ट अशी की, परिषदांतून वर गेलेले पुढारी मंत्री झाल्यावर परिषदांस अधिक देतीलच असे दिसले नाही. जिल्ह्याच्या नियोजनासाठी १९७० नंतरच्या दशकात स्वतंत्र मंडळे निघाली व त्यांचे अध्यक्षपद मंत्र्याकडे आले. १९८० च्या सुमारास ग्रामीण विकासाच्या योजनांसाठी परिषदेच्या शेजारी वेगळी यंत्रणा उभी राहिली. पूर्वी कलेक्टर बसत होता त्या उंबरठ्यावर आता पालकमंत्री बसू लागले, असे कोणी म्हटले तर त्यास अगदीच चूक ठरविता येणार नाही.

औंधच्या बाबतीत ज्याची उणीव होती तो हाताबाहेरचा आधार १९९२ च्या त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी दिला. २४ एप्रिल १९९३ पासून पंचायती घटनेच्या संरक्षणाखाली आल्या. दर पाच वर्षांनी निवडणूक, त्यासाठी राज्य निवडणूक आयोग, पैशाच्या वाटणीसाठी राज्य वित्त आयोग, स्त्रियांस एकतृतीयांश जागा, आणि अनुसूचित जाती-जमातींस लोकसंख्येच्या प्रमाणात जागा. १९३२ साली डॉ. आंबेडकरांनी जी मागणी केली होती ती एकसष्ट वर्षांनी घटनेच्या शब्दांत उतरली. २०११ पासून महाराष्ट्रात स्त्रियांच्या जागा निम्म्या झाल्या. पूर्वी ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला गेला त्यांच्या घरातील बाई सरपंचाच्या खुर्चीवर बसते, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. ती बसली तरी कारभार नवरा किंवा गावातला मातब्बर पाहतो असे हिणवून सांगितले जाते. पुष्कळ ठिकाणी ते खरेही असेल, परंतु खुर्चीवर बसण्याची सवय हेच पहिले शिक्षण असते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर घटनेने असे पुष्कळ अंशी दिले. पहिल्या प्रश्नास मात्र तिने बगल दिली. अकराव्या परिशिष्टात एकोणतीस विषय मोजून दिले आहेत, पण ते राज्यांनी पंचायतींकडे सोपविलेच पाहिजेत असे म्हटलेले नाही. सोपविता येतील, एवढेच म्हटले आहे. केरळ राज्याने १९९६ साली लोकयोजना आरंभून आपल्या योजनाखर्चाचा सुमारे एकतृतीयांशाहून अधिक भाग स्थानिक संस्थांस दिला. म्हणजे इच्छा असेल तर मार्ग होता. इतरत्र विषय आले आणि पैसा पाठीमागून, तोही हातास दोरी बांधून. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ ह्या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांस २,३६,८०५ कोटी रुपये सुचविले. रक्कम मोठी आहे ह्यात शंका नाही, पण तिच्यापैकी साठ टक्के पाणी व स्वच्छता ह्यांसाठीच राखलेले. हेतू चांगलाच आहे. तथापि गावास आधी शाळेचे छप्पर हवे की गटार, हे ठरविण्याचा हक्क तेवढ्यापुरता गावाकडे राहिला नाही. शहरांचीही तीच कथा. १ जुलै २०१७ रोजी मुंबईची जकात बंद झाली. जकातनाक्यांवरील खोळंबा गेला हे चांगले झाले. पण महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन जाऊन तेथे राज्याकडून येणारी भरपाई आली. मालकाचा पुन्हा मुनीम झाला.

आणि निवडणूक? मुदत संपण्यापूर्वी ती झाली पाहिजे असे घटनेत स्पष्ट शब्दांत आहे. तरी मार्च २०२२ मध्ये मुंबई व पुणे येथील महापालिकांची मुदत संपली, त्याच सुमारास राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांचीही संपली, आणि आरक्षणाच्या वादात तीन वर्षांहून अधिक काळ सरकारने नेमलेले प्रशासक कारभार करीत राहिले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयास निवडणुका घेण्याविषयी आदेश द्यावा लागला. ह्या संपूर्ण काळात पाणी येत होते, रस्ते झाडले जात होते, अंदाजपत्रके मंजूर होत होती. सर्वांत अधिक काळजी वाटावी अशी गोष्ट हीच की आपल्या मध्यमवर्गीय घरांतून ह्याची विशेष खंत ऐकू आली नाही. ‘नगरसेवक नाहीत तेच बरे, निदान भानगडी नाहीत’ असे उद्गार मात्र सुशिक्षितांच्या तोंडून ऐकावयास मिळाले. हे उद्गार १८८२ साली रिपन ह्यांच्या ठरावास विरोध करणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मुखात शोभले असते.

ह्या दीर्घ इतिहासातून आम्हांस निघणारा निष्कर्ष साधा आहे. काम खाली देणे म्हणजे सत्ता देणे नव्हे. कामाबरोबर स्वतःच्या उत्पन्नाचे साधन आले काय, काम करणारा नोकर कोणास उत्तरदायी आहे, आणि दिलेले परत घेण्याचा हक्क कोणाकडे राहिला, ह्या गोष्टी विचारल्यावाचून कोणत्याही नव्या योजनेस स्वराज्याचे नाव देऊ नये. फुले व आंबेडकर ह्यांची शंका ही ह्या विरुद्धचा युक्तिवाद नसून तिची पूर्ती आहे. गावातील दुबळ्यास घटनेचे व न्यायालयाचे संरक्षण वरूनच मिळाले पाहिजे. पण शाळेचे छप्पर, गावची गटारे व पाणवठ्याचा मार्ग ह्यांचा निर्णय वरून व्हावा ह्यास त्यामुळे आधार मिळत नाही. हक्कांचे रक्षण वरती आणि कारभाराचा निर्णय खालती, अशी वाटणी हवी होती. आमच्याकडे कित्येकदा ती उलटी झाली. महाडास हक्क गावाच्या मर्जीवर सोडला गेला, आणि गटाराचा निर्णय मात्र राजधानीत राहिला.

रिपन ह्यांनी ज्यास राजकीय शिक्षण म्हटले ते फुकट मिळत नाही. त्याची फी चुकांच्या रूपाने भरावी लागते. ती भरण्याची तयारी सरकारने ठेवावी हे तर झालेच, परंतु सुशिक्षित नागरिकांनीही ठेविली पाहिजे. ज्या दिवशी गावकरी ‘परिषदेची शाळा’ असे न म्हणता ‘आमची शाळा’ असे म्हणू लागतील, आणि तसे म्हणताना त्या ‘आमची’ ह्या शब्दात गावकुसाबाहेर ठेवल्या गेलेल्यांचाही समावेश असेल, त्या दिवशी १८७० पासून दिले दिले म्हणून सांगितले गेलेले स्थानिक स्वराज्य मिळाले, असे समजावयास हरकत नाही.